अमेरिकेची कॉलेज आइस हॉकी राष्ट्रीय स्पर्धा आणि फ्रोझन फोर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः दोन प्रकारच्या वाचकांकडून येतात. काही जण अमेरिकेत शिकायला गेलेत आणि मार्च उजाडताच सगळा कॅम्पस हॉकीबद्दल का बोलतोय हे त्यांना कळत नाही. बाकीचे इथे बसून पहाटे सामने बघतात आणि नियमांशी अडतात. उदाहरणं बहुतेक 2025 च्या स्पर्धेतली घेतली आहेत, कारण निवडीचे जवळजवळ सगळे पेच त्या एका वर्षात सापडतात.

1. फ्रोझन फोर म्हणजे अख्खी स्पर्धा की फक्त शेवटचे चार संघ?

फक्त शेवटचे चार संघ. अख्ख्या स्पर्धेचं नाव एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) डिव्हिजन वन (सर्वांत वरची श्रेणी) पुरुष आइस हॉकी अजिंक्यपद. तीत 16 संघ असतात आणि सरळ बाद फेरी चालते: एक सामना हरलात की घरी. चार शहरांत प्रत्येकी चार संघांचा एक गट खेळतो, त्याला रीजनल म्हणतात. चार रीजनलचे चार विजेते एका शहरात जमतात, तो फ्रोझन फोर. हे नाव अधिकृतपणे 1999 पासून वापरात आलं. स्पर्धा मात्र 1948 पासूनची आहे. त्या वर्षी चारच संघ होते, सामने कोलोरॅडो स्प्रिंग्सच्या ब्रॉडमूर आइस पॅलेसमध्ये झाले आणि अंतिम सामन्यात मिशिगनने डार्टमथला 8-4 असं हरवलं. पहिली दहा वर्षं स्पर्धा तिथेच भरायची. 16 संघांची रचना 2003 पासूनची, त्याआधी 12 संघ असायचे.

2. यात मोठीच विद्यापीठं असतात का? नावं तर कधी न ऐकलेली दिसतात.

कॉलेज हॉकीची खरी गंमत इथेच आहे. अमेरिकन फुटबॉल किंवा बास्केटबॉलमध्ये पैसेवाली मोठी विद्यापीठं वरचढ असतात. हॉकीचे डिव्हिजन वन संघ मात्र साठाच्या आसपासच आहेत, आणि त्यांत बाकी खेळांत तिसऱ्या श्रेणीत खेळणारी छोटी कॉलेजं बेधडक उतरतात. क्लार्कसन, सेंट लॉरेन्स, कोलोरॅडो कॉलेज, युनियन ही त्यातली. युनियनने 2014 साली अंतिम सामन्यात मिनेसोटाला 7-4 असं हरवलं. त्याच्या आदल्या वर्षी येल जिंकलं होतं, आणि आयव्ही लीग या जुन्या विद्यापीठांच्या गटाच्या नियमानुसार येल खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही.

सर्वाधिक विजेतेपदं डेन्व्हरच्या नावावर आहेत, 2024 पर्यंत 10. त्यामागे मिशिगन 9, नॉर्थ डकोटा 8. 2025 मध्ये कॅलमझू या शहरातल्या वेस्टर्न मिशिगनने बॉस्टन युनिव्हर्सिटीला 6-2 असं हरवून पहिल्यांदा करंडक नेला.

3. स्पर्धा नेमकी कधी असते?

नियमित हंगाम ऑक्टोबरात सुरू होऊन फेब्रुवारीअखेर-मार्चच्या सुरुवातीला संपतो. मग प्रत्येक कॉन्फरन्सची (हंगामभर एकत्र खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाची) स्वतःची बाद फेरी होते आणि ती मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी आटोपते. लगेच रविवारी 16 संघ जाहीर होतात. रीजनल पुढच्या गुरुवार ते रविवार, त्यानंतर एक आठवडा सुट्टी, आणि मग फ्रोझन फोर: गुरुवारी दोन्ही उपांत्य सामने, शनिवारी अंतिम. तिसऱ्या क्रमांकाचा सामना 1989 नंतर होत नाही.

2025 मध्ये रीजनल 27 ते 30 मार्चला होते आणि गुढीपाडवा 30 तारखेला. महाराष्ट्र मंडळांचे पाडव्याचे कार्यक्रम पुष्कळदा याच शनिवार-रविवारी येतात. ज्यांना दोन्ही हवंय त्यांनी आधी वेळापत्रक बघावं.

4. बीनपॉट आणि ही स्पर्धा एकच का?

नाही. बीनपॉट ही बॉस्टनमधल्या चार संघांची (बॉस्टन युनिव्हर्सिटी, बॉस्टन कॉलेज, हार्वर्ड, नॉर्थईस्टर्न) फेब्रुवारीतल्या दोन सोमवारी होणारी शहरातली स्पर्धा. ती जिंकून राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळत नाही. थेट प्रवेश फक्त कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकणाऱ्याला (प्रश्न 5). बॉस्टनकर मात्र बीनपॉट हरल्याचं दुःख एप्रिलपर्यंत धरून बसतात.

5. 16 संघ कसे निवडतात?

सहा जागा थेट प्रवेशाच्या, दहा जागा क्रमवारीच्या. थेट प्रवेश सहा कॉन्फरन्सच्या विजेत्यांना मिळतो: अटलांटिक हॉकी अमेरिका, बिग टेन, सीसीएचए, ईसीएसी, हॉकी ईस्ट आणि एनसीएचसी. इथे विजेता म्हणजे मार्चमधली बाद फेरी जिंकणारा. साखळीत पहिला आलेला संघ नव्हे. हंगामभर पहिला राहिलेला संघ कॉन्फरन्सच्या उपांत्य सामन्यात हरला तर त्याला क्रमवारीच्या भरवशावर राहावं लागतं. उलट हंगामभर धडपडलेला संघ मार्चमध्ये पेटला आणि जिंकला, तर तो थेट आत. अलास्कासारखे काही संघ कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाहीत, त्यांना थेट प्रवेशाची वाटच नसते.

6. ही क्रमवारी कोण ठरवतं? पत्रकारांची मतं असतात का?

वर्तमानपत्रांत आणि संकेतस्थळांवर दर सोमवारी येणाऱ्या मतदानाच्या याद्यांचा निवडीशी काहीही संबंध नाही. त्या गप्पांसाठी. निवड आकड्यांवर होते. 2024-25 पर्यंत पेअरवाइज नावाची पद्धत होती. तीत प्रत्येक संघाची इतर प्रत्येक संघाशी जोडीने तुलना व्हायची. 2025-26 पासून तिच्या जागी एनपीआय हा एकच निर्देशांक आला. दोन्हींचा गाभा सारखाच: किती जिंकलात, कोणाविरुद्ध जिंकलात, घरच्या रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) की बाहेर, आणि साठ मिनिटांत की जादा वेळेत.

आकडे बघताना लोक तीन ठिकाणी चुकतात. पहिलं, शूटआउटचा (बरोबरीनंतर एकेका खेळाडूने एकट्या गोलरक्षकासमोर मारलेल्या फटक्यांचा) विजय कॉन्फरन्सच्या गुणतालिकेत मोजला जातो, राष्ट्रीय क्रमवारीत तो सामना बरोबरीच धरतात. दुसरं, किती गोलांनी जिंकलात याला किंमत नाही. 7-0 आणि 2-1 सारखेच. तिसरं, दुबळ्या संघाला हरवून क्रमांक घसरू नये म्हणून एनपीआयमध्ये नुकसान करणारे विजय वगळण्याची सोय आहे. त्यामुळे हाताने केलेला हिशेब अधिकृत आकड्याशी जुळत नाही.

निवड समिती या आकड्यांबाहेर फारशी जात नाही. म्हणून जाणकार प्रेक्षक रविवारच्या घोषणेआधीच 16 नावं बिनचूक सांगतात, आणि वाद उरतो तो कोण कुठे खेळणार याचा (प्रश्न 8).

7. आमचा संघ क्रमवारीत 15 वा होता, तरी बाहेर का राहिला?

कारण 16 जागा म्हणजे पहिले 16 क्रमांक नव्हेत. सहा कॉन्फरन्स विजेत्यांपैकी जे पहिल्या सोळात नाहीत तेही आत येतात आणि खालून तेवढ्या जागा खातात. समजा दोन विजेते 22 आणि 30 क्रमांकावर आहेत. मग क्रमवारीतले पहिले 14 आत, 15 वा आणि 16 वा बाहेर. अटलांटिक हॉकी अमेरिकेचा विजेता साधारणपणे सोळाच्या खाली असतो, म्हणून 16 वा क्रमांक सुरक्षित नसतोच असं धरून चालावं. शेवटच्या शनिवारी आपला सामना संपला तरी इतर कॉन्फरन्सचे अंतिम सामने बघावे लागतात ते याचमुळे. तिथे क्रमवारीत वर असलेला संघ जिंकावा, हीच काठावरच्या संघांची प्रार्थना.

8. पहिल्या मानांकनाचा संघ चौथ्या मानांकनाच्या संघाच्या गावात कसा खेळतो? हा अन्याय नाही का?

आधी नियम. 16 संघ क्रमवारीनुसार चारच्या चार पट्ट्यांत विभागतात: सर्वांत वरची पट्टी म्हणजे पहिलं मानांकन, सर्वांत खालची चौथं. प्रत्येक रीजनलमध्ये प्रत्येक पट्टीतला एक संघ, आणि सामने 1 विरुद्ध 4, 2 विरुद्ध 3. सर्वांत वरच्या संघाला सोयीचं शहर द्यायचा प्रयत्न असतो. पण प्रत्येक रीजनलचं यजमानपद एखाद्या विद्यापीठाकडे असतं, आणि ते विद्यापीठ पात्र ठरलं तर त्याला त्याच रीजनलमध्ये ठेवावंच लागतं, मानांकन कितीही असो.

2025 मध्ये ॲलनटाउनचं यजमानपद पेन स्टेटकडे होतं. पेन स्टेट चौथ्या मानांकनाने आत आलं. त्यामुळे त्या गटात अव्वल असलेल्या मेनला पेन्सिल्व्हेनियात, पेन स्टेटच्या प्रेक्षकांनी भरलेल्या रिंकमध्ये पहिला सामना खेळावा लागला. निकाल 5-1, मेन बाहेर. पुढे पेन स्टेटने कनेक्टिकटला जादा वेळेत 3-2 हरवून फ्रोझन फोर गाठलं.

अन्याय म्हणायचं तर आहे. त्यावरचा उपाय म्हणून पहिली फेरी वरच्या मानांकनाच्या संघाच्या घरच्या रिंकवर खेळवावी, ही मागणी जुनी आहे. विरोधकांचं म्हणणं असं की त्रयस्थ ठिकाण सर्वांना सारखं. आमच्या मते हा युक्तिवाद यजमानाच्या नियमापाशी येऊन कोसळतो, कारण यजमान संघ खेळत असेल तर ते ठिकाण त्रयस्थ राहतच नाही, आणि कोणीच स्थानिक संघ नसेल तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसतात.

9. एकाच कॉन्फरन्सचे दोन संघ पहिल्याच फेरीत भिडू शकतात का?

शक्यतो नाही. तशी जोडी जमत असेल तर समिती त्याच पट्टीतले संघ आपसांत बदलते. पट्टी मात्र ओलांडत नाही. अपवाद असा की एका कॉन्फरन्सचे पाच किंवा जास्त संघ आले तर मानांकनानुसार जोड्या राखणं महत्त्वाचं ठरतं आणि अशी लढत होऊ शकते. होईलच असं नाही: 2025 मध्ये हॉकी ईस्टचे सहा संघ होते, तरी पहिल्या फेरीत त्यांच्यातले कोणी समोरासमोर आले नाहीत. दुसऱ्या फेरीपासून काहीच बंधन नाही.

10. फ्रोझन फोरच्या जोड्या पुन्हा मानांकन बघून लावतात का?

नाही, त्या घोषणेच्या दिवशीच पक्क्या होतात. एकूण पहिल्या क्रमांकाचा संघ ज्या रीजनलमध्ये, त्याचा विजेता चौथ्या क्रमांकाच्या रीजनलच्या विजेत्याशी खेळतो, दुसऱ्याचा तिसऱ्याशी. संघ हरले तरी मांडणी तीच. 2025 मध्ये बॉस्टन कॉलेज पहिलं होतं, ते मँचेस्टर (न्यू हॅम्पशायर) रीजनलच्या अंतिम सामन्यात डेन्व्हरकडून हरलं. डेन्व्हरने त्याची जागा घेतली आणि चौथ्या क्रमांकाच्या वेस्टर्न मिशिगनशी खेळलं.

11. अव्वल संघ इतक्या सहज कसे हरतात?

कारण आइस हॉकीत गोल कमी होतात आणि गोलरक्षक एकटा सामना फिरवू शकतो. चांगला कॉलेज गोलरक्षक हंगामभरात शंभरातले नव्वद-ब्याण्णव फटके अडवतो. एका रात्री त्याने सगळेच अडवले तर समोरचा संघ कितीही भारी असो, काही चालत नाही. डेन्व्हरची 2024 ची वाटचाल बघा: 2-1 (दोन जादा पीरियड), 2-1, 2-1 (जादा वेळ), आणि अंतिम सामन्यात अव्वल बॉस्टन कॉलेजविरुद्ध 2-0. चार सामन्यांत तीन गोल खाल्ले. अंतिम सामन्यात गोलरक्षक मॅट डेव्हिसने 35 फटके अडवले.

एनएचएल या व्यावसायिक लीगच्या बाद फेरीत सात सामन्यांची मालिका असते, त्यात अशी एखादी रात्र विरून जाते. इथे तीच रात्र निकाल ठरवते. येल (2013) आणि प्रॉव्हिडन्स (2015) हे चौथ्या मानांकनाचे संघ थेट विजेते झाले, आणि 2006 मध्ये होली क्रॉसने मिनेसोटाला पहिल्याच फेरीत 4-3 असं घालवलं. म्हणून स्पर्धेआधीचे अंदाज मांडताना पहिल्या मानांकनाचे चारही संघ पुढे नेणं हा सर्वांत वाईट डाव.

12. बरोबरी झाली तर? शूटआउट असतं का?

या स्पर्धेत नाही. बर्फ पुन्हा गुळगुळीत करून घेतात आणि 20 मिनिटांचा नवा पीरियड पाच विरुद्ध पाच खेळतात. पहिला गोल पडला की सामना संपला. न पडल्यास पुन्हा 20 मिनिटं, कितीही वेळा. हंगामातल्या सामन्यांत मात्र पाच मिनिटं तीन विरुद्ध तीन असतं, त्यामुळे नव्या प्रेक्षकाचा गोंधळ होतो.

या स्पर्धेतला सर्वांत लांब सामना 2021 मध्ये फार्गोला झाला. मिनेसोटा डुलूथने नॉर्थ डकोटाला पाचव्या जादा पीरियडमध्ये 3-2 हरवलं, प्रत्यक्ष खेळ 142 मिनिटं 13 सेकंद. दुसरं टोक 2023 चं: क्विनिपियॅकने अंतिम सामन्यात मिनेसोटाविरुद्ध जादा वेळेच्या दहाव्या सेकंदाला विजयी गोल केला. मध्यंतरात खायला उठलात तर परत वेळेत या.

13. एनएचएल बघायची सवय आहे. कॉलेजच्या नियमांत काय वेगळं?

सामना तसाच: 20 मिनिटांचे तीन पीरियड, गोलरक्षक धरून सहा खेळाडू. फरक हे:

सर्व खेळाडूंना पूर्ण चेहरा झाकणारी जाळी किंवा कवच सक्तीचं. अर्धं कवच चालत नाही.

मारामारीला पाच मिनिटं बसवून सोडून देत नाहीत. खेळाडू सामन्यातून बाद होतो आणि पुढच्या सामन्यालाही मुकतो. उपांत्य सामन्यात हात उचलला तर अंतिम सामना गॅलरीतून बघायचा.

पंचाने दंड दाखवला आहे पण पक (खेळातली रबरी चकती) अजून समोरच्यांकडेच आहे, अशा वेळी गोल झाला तर एनएचएलमध्ये दोन मिनिटांचा दंड रद्द होतो. कॉलेजमध्ये गोल धरतात आणि दंडही भोगावा लागतो. समालोचक हे दर वेळी सांगत नाहीत, म्हणून 'गोल झाला तरी तो आत का बसला' असा प्रश्न येतो. पाच मिनिटांच्या मोठ्या दंडात कितीही गोल झाले तरी पूर्ण पाच मिनिटं एक खेळाडू कमी, हे मात्र दोन्हीकडे सारखं.

14. एनएचएलने ड्राफ्टमध्ये निवडलेला मुलगा कॉलेजमध्ये कसा खेळतो?

ड्राफ्ट म्हणजे खेळाडूला पुढे करारबद्ध करण्याचा त्या क्लबला मिळालेला हक्क, करार नव्हे. करारावर सही करेपर्यंत तो कॉलेजचा खेळाडू राहतो. सही केली की कॉलेजची पात्रता संपली. म्हणूनच संघ स्पर्धेतून बाहेर पडला की एक-दोन दिवसांत त्याच्या बड्या खेळाडूंच्या कराराच्या बातम्या येतात.

वयाबद्दलही विचारणा असते. इथे पहिल्या वर्षाचे पुष्कळ खेळाडू 20-21 वर्षांचे असतात, कारण शाळेनंतर एक-दोन वर्षं ज्युनियर हॉकी खेळून ते येतात. कॅनडातल्या मेजर ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्यांना पूर्वी कॉलेज हॉकी बंद होती. तो दरवाजा ऑगस्ट 2025 पासून उघडला आणि तिथला नावाजलेला तरुण खेळाडू गॅव्हिन मॅकेना पेन स्टेटला आला. बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या मॅकलिन सेलेब्रिनीसारखा अठराव्या वर्षाआधीच सर्वोत्तम खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार (2024) नेणारा विरळा.

15. महिलांची स्पर्धा वेगळी असते का?

हो, 2001 पासून. तीत 11 संघ असतात आणि ती पुरुषांच्या स्पर्धेआधी, मार्चमध्येच संपते. सुरुवातीचे सामने मानांकित संघांच्या घरच्या रिंकवर होतात, म्हणजे प्रश्न 8 मधली मागणी इथे आधीच अमलात आहे. विस्कॉन्सिनची 2025 पर्यंत 8 विजेतेपदं. 2025 चा अंतिम सामना जरूर शोधून बघा: अखेरचे 18.9 सेकंद उरले असताना पेनल्टी शॉटवर बरोबरी आणि मग जादा वेळेत ओहायो स्टेटविरुद्ध 4-3.

16. मी तिथेच शिकतो. तिकीट कसं काढायचं?

हंगामातलं विद्यार्थी तिकीट इथे चालत नाही, कारण सामने विद्यापीठाच्या नावावर नसून एनसीएएचे असतात. संघ पात्र ठरला की विद्यापीठाला तिकिटांचा कोटा मिळतो. घोषणेच्या रविवारीच विद्यापीठाच्या तिकीट खिडकीची ईमेल बघा, मुदत थोडी असते. कोटा संपला तर सर्वांसाठीच्या विक्रीतून घ्या. रीजनलला जागा सहसा मिळते. फ्रोझन फोरची तिकिटं कित्येक महिने आधी विकायला निघतात, पण गुरुवारी रात्री हरलेल्या दोन संघांचे चाहते शनिवारची तिकिटं विकायला काढतात. तिकिटाचा भाव उतरतो तो तेव्हा. फक्त अधिकृत पुनर्विक्रीतूनच घ्या.

काचेला लागून पहिल्या रांगा महाग असतात, पण पहिल्यांदा बघणाऱ्याने त्या टाळाव्या. तिथून पलीकडच्या टोकाला पक दिसतच नाही. दहा-पंधरा रांगा वर, कोपऱ्याच्या बाजूला बसा, म्हणजे चाल कशी रचली जाते ते कळतं. गोलमागे जाळी असते. बाजूच्या खुर्च्यांवर मात्र पक उडून येऊ शकतो, तेव्हा खेळ चालू असताना मोबाइलमध्ये डोकं नको. आत गारठा असतो, जाकीट हवंच. मोठ्या रिंकमध्ये पाठीवरची बॅग बहुधा आत नेऊ देत नाहीत.

17. भारतातून बघायचं तर किती वाजता?

मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं पुढे जातात, त्यानंतर पूर्व किनाऱ्याची वेळ आपल्यामागे साडेनऊ तास. तिथला संध्याकाळी पाचचा उपांत्य सामना आपल्याकडे शुक्रवारी पहाटे अडीचला, रात्री साडेआठचा सकाळी सहाला. शनिवारी साडेसातचा अंतिम सामना म्हणजे रविवारी पहाटे पाच. वेळापत्रकात मध्य अमेरिकेची वेळ दिली असेल तर साडेदहा तास मिळवा.

18. भारतात कॉलेजांची अशी स्पर्धा आहे का?

या धर्तीची नाही. आपल्याकडचं आइस हॉकी प्रामुख्याने लडाखमध्ये, गोठलेल्या तळ्यांवर आणि लेहच्या रिंकवर खेळलं जातं. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांतले सामनेही लेहला झाले आहेत. मुंबई-पुण्यातलं रोलर हॉकी चाकांच्या स्केट्सवर चालतं, तो वेगळा खेळ. कॅनडात शिकणाऱ्यांसाठी: तिथल्या विद्यापीठांची यू स्पोर्ट्सची स्वतंत्र स्पर्धा असते, एनसीएएशी तिचा संबंध नाही.

19. आमच्या विद्यापीठाचा हॉकी संघ आहे, पण तो या यादीत कधीच नसतो. का?

बहुधा तो क्लब संघ असेल. असे शेकडो संघ एसीएचए या वेगळ्या संघटनेत खेळतात, आणि तिच्याही वरच्या श्रेणीचं नाव डिव्हिजन वनच आहे. 'राष्ट्रीय विजेते' असा फलक दिसला तर कोणत्या संघटनेचे ते बघा. एनसीएएमध्ये दुसऱ्या श्रेणीची राष्ट्रीय स्पर्धाच नाही, तिसऱ्या श्रेणीची आहे.

20. एखादा संघ ऐन वेळी खेळू शकला नाही तर?

2021 मध्ये हे घडलं. कोविडमुळे नोटर डेम आणि मिशिगन यांना माघार घ्यावी लागली, मिशिगनला तर सामन्याला काही तास उरले असताना. बदली संघ बोलावण्याची मुदत टळलेली होती, म्हणून प्रतिस्पर्धी बॉस्टन कॉलेज आणि मिनेसोटा डुलूथ न खेळताच पुढे गेले. अशी लढत विजय म्हणून नोंदत नाहीत, सामना झालाच नाही असं धरतात. डुलूथचा पुढचा सामना म्हणजेच प्रश्न 12 मधली ती पाच जादा पीरियडांची रात्र.